मुक्काम आणि मंचुरियन : चांदा-गडचिरोलीच्या प्रवासाचे एक विवेचन

चंद्रपूर शहरात रेल्वेची दोन स्थानके आहेत. एक 'चंद्रपूर', दिल्ली-चेन्नई या मोठ्या मार्गावरचे. दुसरे 'चांदा फोर्ट', बल्लारशाहून मूल, नागभीड, वडसा करत गोंदियाला जाणाऱ्या मार्गावरचे. गाव एकच, पण एका स्थानकावर उतरून दुसऱ्याची गाडी पकडायची तर ऑटो करावा लागतो. नवखा माणूस तिकीट काढताना एवढे पाहत नाही आणि सहलीची घडी पहिल्याच दिवशी विस्कटते. या दोन जिल्ह्यांतली अडचण ही अशी आहे. ठिकाणे सगळ्यांना ठाऊक असतात: ताडोबा, मार्कंडा, हेमलकसा, सिरोंचा. त्यांना ओवणारा दोरा ठाऊक नसतो.

तो दोरा शोधण्यासाठी मी इथे एक साधन वापरणार आहे, आणि ते ऐकून काहींना हसू येईल. ते साधन म्हणजे चायनीजची गाडी. माझे प्रतिपादन एवढेच: ज्या गावात दिवेलागणीनंतर चायनीजची गाडी लागते तिथे मुक्काम करावा, जिथे लागत नाही तिथे दिवसाउजेडी जाऊन परत फिरावे. हा नियम कुठल्या प्रवासी पुस्तकात सापडणार नाही. पण तो का चालतो आणि कुठे चालत नाही, हे तपासत गेले की या प्रदेशाचा भूगोल, बाजार आणि दिनक्रम आपोआप हाताला लागतो.

गाडीचे लक्षण

आधी 'चायनीज' म्हणजे काय ते ठरवू. चीनमधल्या माणसाला इथली पाटी वाचून दाखवली तर त्यातले फारसे काही ओळखू येणार नाही. मंचुरियन हा पदार्थ मांचुरियात नाही. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग या कोलकात्यात जन्मलेल्या आचाऱ्याने तो केला, ही त्याची सर्वमान्य जन्मकथा. चिकनचे तळलेले तुकडे, आणि रस्शात गरम मसाल्याऐवजी सोयासॉस, मक्याचे पीठ, आले-लसूण, हिरवी मिरची. पुढे चिकनच्या जागी फ्लॉवर आला, मग किसलेल्या कोबीचे गोळे आले, आणि मंचुरियन शाकाहारी घरांतही जाऊन बसले. 'हाका नूडल्स'मधला हाका हा शब्द हक्का या चिनी समाजाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कोलकात्यात चिनी वस्ती होती, तिच्यात पुढे हक्का लोक मोठ्या संख्येने आले, चामड्याच्या धंद्यात शिरले आणि त्यांच्या टांगरा या वस्तीतून हे खाणे देशभर पसरले. 'शेजवान' म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणात जीभ बधिर करणारे एक फळ असते, आपल्या कोकणातल्या तिरफळाचे सख्खे भावंड, एकाच कुळातले. आपल्या शेजवान चटणीत ते नसते. तिच्यात असतात सुक्या लाल मिरच्या, लसूण, तेल, व्हिनेगर.

म्हणजे विदर्भातल्या माणसाला शेजवान चटणी परकी वाटण्याचे कारणच नाही. लसणाच्या चटणीला तेलात परतून तिच्यात थोडा आंबटपणा घातला की झाले. नागपूरहून उमरेडमार्गे गडचिरोलीला निघालात तर वाटेत भिवापूर लागते. तिथली मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली. खाली सिरोंचाकडेही मिरची पिकते, आणि दोन्ही जिल्ह्यांतली कितीतरी कुटुंबे दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिखटाशी नाते असलेल्या या मुलखात चायनीजने मूळ धरले, त्यात नवल नाही. सावजी रस्सा पचवणारी जीभ शेजवान राइसपुढे कशाला बिचकेल?

आता गाडी. चारचाकी हातगाडा, पुढे लाल-पिवळी पाटी, तीवर बहुधा एखादा सापासारखा ड्रॅगन. मागे जोरदार ज्योतीची शेगडी आणि खोलगट लोखंडी कढई. एका फळीवर कोबी, गाजर, शिमला मिरची, कांदेपात चिरून ठेवलेली. दुसरीवर सॉसच्या बाटल्या, मिठाच्या डब्याशेजारी अजिनोमोटोचा डबा. या पांढऱ्या पुडीबद्दल उगाच दहशत आहे. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी ती समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळी काढली. १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका पत्राने तिचे नाव बिघडले, आणि नंतरच्या नीट केलेल्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात घेतल्यास तिच्यामुळे डोकेदुखी होते हे ठामपणे सिद्ध झालेले नाही. गाडीवर घाबरायचेच असेल तर पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाला आणि लाल रंगाला घाबरावे. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४ मध्ये गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, ती कृत्रिम रंग आणि अस्वच्छता या कारणांसाठी.

गाडी मुक्कामाची खूण का ठरते

चायनीजची गाडी लागण्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात, आणि मुक्कामाला सोयीच्या गावातही नेमक्या त्याच लागतात. पहिली, अंधार पडल्यावरही रस्त्यावर माणसे असली पाहिजेत. वडापाव सकाळी खपतो, समोसा दिवसभर. चायनीज मात्र संध्याकाळी सात ते दहाचा धंदा. दिवेलागणीला ज्या गावाच्या चौकात चिटपाखरू राहत नाही, तिथे ही शेगडी पेटत नाही. दुसरी, किराणा. नूडल्सची पाकिटे आणि सॉसचे कॅन नागपूर-चंद्रपूरच्या ठोक बाजारातून येतात, म्हणजे गाडी लागते तिथे मालाचा ट्रक नियमित पोचतो. तिसरी, ताजा पैसा. नोकरदार, महाविद्यालयातली मुले, आश्रमशाळेतले शिक्षक, वनखाते, पोलीस, बँक यांपैकी कोणीतरी महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे लागते. चौथी गोष्ट कमी बोलली जाते: रात्री दहाला गाडी बंद करून घरी जाण्याइतका निर्धास्तपणा.

ज्या गावात या चारही गोष्टी असतात तिथे लॉज असते, औषधाचे दुकान असते, पंक्चर काढणारा असतो आणि पहाटेची एसटी असते. गाडी या सगळ्यांची फक्त सूचना देते. धूर दिसला की अग्नी, हे न्यायशास्त्रातले जुने उदाहरण. इथे धुराला थोडा सोयासॉसचा वास आहे, इतकेच.

या नियमाने पाहिले तर वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर ही रेल्वेच्या कडेची रांग सरळ मुक्कामाची ठरते. पूर्वेला मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली. दक्षिणेला चामोर्शी, मग आलापल्ली, आणि त्याला लागूनच तालुक्याचे ठिकाण अहेरी. त्यापलीकडे गाड्या विरळ होत जातात. आलापल्लीहून भामरागडकडे वळले की जंगल दाट होते, गावे लहान होतात, आणि संध्याकाळ म्हणजे घरी परतण्याची वेळ उरते. तिथे दिवसा जावे.

दोन अपवाद आणि एक कायदा

नियमाला छेद देणारे पहिले ठिकाण मोहर्ली. ताडोबाचे हे प्रवेशद्वार चंद्रपूरहून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. गाव लहान, पण राहायची सोय भरपूर, कारण ती पाहुण्यांसाठी बांधलेली आहे, गावाच्या गरजेतून उगवलेली नाही. चायनीज तिथेही मिळते, पण रिसॉर्टच्या छापील कार्डावर, पनीर टिक्क्याच्या शेजारी. ते आपल्या विवेचनात धरत नाही.

दुसरा अपवाद हेमलकसा. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी तो चालवला. तिथे दवाखाना, शाळा आणि जखमी प्राण्यांचे अनाथालय आहे. आधी कळवून, सोय असेल तर, राहता येते. चायनीजची गाडी मात्र नाही. तिथे राहणाऱ्याने आश्रमातले साधे जेवण जेवावे. उगाच दुसरे काही धुंडाळू नये.

कायद्याचा मुद्दा यांपेक्षा महत्त्वाचा. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती १ एप्रिल २०१५ पासून होती आणि २०२१ मध्ये उठली. आता महाराष्ट्रात इतरत्र चायनीजची गाडी पुष्कळदा बारच्या सावलीत उभी असते. चिली चिकन आणि लॉलीपॉप हे पेयाच्या जोडीचे पदार्थ म्हणून खपतात, आणि रात्री नऊनंतर गाडीचे गिऱ्हाईक बदलते. गडचिरोलीत ही जोडी कायद्याने मोडलेली आहे. त्यामुळे तिथल्या गाडीवर नवरा, बायको, दोन पोरे आणि स्कूटर असे कुटुंब निवांतपणे उभे राहिलेले दिसते. एकच पदार्थ जिल्ह्याची सीमा ओलांडताना चखण्याचा कौटुंबिक खाऊ होतो, हे खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकाने बघण्याजोगे आहे. प्रवाशाने मात्र त्यातून व्यवहाराची एक गोष्ट घ्यावी. गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली नागपुरात किरकोळ बाब असेल, वैनगंगा ओलांडल्यावर तो गुन्हा असतो.

वार, ऋतू आणि उजेड

गावे ठरली, आता काळ. या प्रदेशात सहल आखताना जागेपेक्षा काळ जास्त कडक आहे. ताडोबा दर मंगळवारी बंद असतो. गाभा क्षेत्र पावसाळ्यात, साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असते, तेव्हा बफरमधली काही द्वारे चालू राहतात. दिवसात दोन फेऱ्या, पहाटेची आणि दुपारची, आणि नोंदणी आधीच करावी लागते. म्हणून आराखड्याचा पहिला खिळा ठिकाणावर नको, वारावर ठोकावा: मंगळवार शहरात घालवायचा. मंगळवार देवीचा वार, आणि चंद्रपुरात महाकाली आहे. गर्दी असेल, पण हा मुलूख कोणत्या श्रद्धेवर उभा आहे ते त्या गर्दीतच कळते. चैत्रातल्या यात्रेला तर पार मराठवाड्यातून माणसे येतात.

त्याच दिवशी गोंडांचे चांदा, म्हणजे जुने चंद्रपूर, पाहून घ्यावे. खांडक्या बल्लाळशहाने राजधानी बल्लारपूरहून इथे आणली आणि परकोटाचा पाया घातला, असे परंपरा सांगते. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसाण या पाच खिडक्या. चोर खिडकी आणि मसाण खिडकी ही नावे वाचून कोणाचेही कुतूहल चाळवेल. झाडाझुडपांत गडप झालेल्या या तटाची साफसफाई 'इको-प्रो' या इथल्या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून श्रमदानाने केली, म्हणून आज तटावरून चालता येते. अंचलेश्वराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधवली. संध्याकाळी जटपुऱ्याच्या आसपास या. दरवाजातून वाहने कशीबशी निघतात, आणि दिवसाचे दर्शन संपते तिथेच कढयांचा खणखणाट सुरू होतो.

उजेडाचा हिशेब वेगळा. डिसेंबरात चंद्रपूरला सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो, मेमध्ये पावणेसातच्या सुमाराला. हिवाळ्यात संध्याकाळ तासभर आधी येते. पण मेमध्ये इथले तापमान ४५-४६ अंशांवर जाते, आणि दुपारचे चार तास वाया जातातच. वाघ पाहायचा तर उन्हाळा बरा, कारण पाणवठे आटत जातात आणि प्राणी उरलेल्या पाण्यावर येतात. देवळे, किल्ले आणि रस्ते यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळा सुंदर, पण भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुराने बंद पडतो आणि कित्येकदा दिवसचे दिवस गाव तुटून राहते. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतमी यांचा संगम पाहायला गेलेला माणूस संगमातच अडकायचा.

माळ नको, फेरा हवा

एकामागून एक ठिकाणे पाहत जाऊन त्याच वाटेने परत येणे, ही माळेची पद्धत. या जिल्ह्यांत ती महाग पडते. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली साधारण ऐंशी किलोमीटर, तिथून आलापल्ली शंभराच्या पुढे, आलापल्लीहून सिरोंचा जवळपास तितकेच. एवढे उतरून पुन्हा चढायचे तर एक पूर्ण दिवस नुसत्या रस्त्याला द्यावा लागतो. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक एकच, उत्तर टोकाला वडसा. वडसा-गडचिरोली मार्गाचे काम चालू आहे. म्हणजे दक्षिणेत रेल्वेचा आधारही नाही.

फेऱ्याची पद्धत शक्य होते ती आष्टीमुळे. चामोर्शी तालुक्यातले हे गाव वैनगंगेच्या काठी आहे. गडचिरोलीहून येणारा रस्ता इथे येतो, आलापल्लीकडे जाणारा इथून सुटतो, आणि तिसरा रस्ता नदी ओलांडून गोंडपिपरी, बल्लारपूर, चंद्रपूर असा वर चढतो. आष्टी पाहण्याजोगे गाव नाही, पण नकाशावर सगळ्यात आधी त्यावर बोट ठेवावे. मूलवरून उतरायचे, आष्टीत गाठ बांधायची, दक्षिण पाहून आष्टीला यायचे आणि बल्लारपूरमार्गे वर जायचे.

मग दिवस असे पडतात. सोमवारी नागपूर सोडायचे. वरोऱ्याला १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी सुरू केलेले आनंदवन, दुपारी भद्रावतीची विजासन लेणी आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर, रात्री चंद्रपूर. मंगळवार शहर आणि बल्लारपूरचा किल्ला. बुधवारी मोहर्ली, दोन फेऱ्या. गुरुवारी सकाळी मूलमार्गे गडचिरोली गाठून दुपारी मार्कंडा. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते, म्हणून ते तीर्थ. दगडी देवळांचा समूह मूर्तींनी भरलेला, आणि महाशिवरात्रीला काठ माणसांनी भरतो, त्या दिवसांत मुक्कामाची खोली मिळणे अवघड. मुक्काम गडचिरोली किंवा चामोर्शी. शुक्रवारी आलापल्ली, पुढे 'वनवैभव', सुमारे सहा हेक्टरांचा जुना सागवनाचा तुकडा, २०१४ मध्ये महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरलेला. तो भामरागड रस्त्यावर आहे, म्हणून हेमलकसा त्याच दिवशी जोडावे आणि उजेड असताना आलापल्लीला परतावे. शनिवारी कमलापूरचा हत्ती कॅम्प, मग सिरोंचा, तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि जवळ वडधमचे जीवाश्म. रविवारी परत.

चौथ्या आणि सहाव्या दिवसांत फरक एवढाच की गुरुवारी उशीर झाला तर काही बिघडत नाही, शनिवारी बिघडते. चामोर्शीच्या पुढे सहलीचा प्रत्येक अर्धा तास मोजून खर्चावा.

थाळीत काय असते, काय नसते

आता मूळ मुद्द्याला हात घालतो, कारण 'स्थानिक खाणे' या शब्दावरच बहुतेक प्रवाशांची फसगत होते. पाहुणा विचारतो, इथले खास काय मिळेल? खरे उत्तर असे आहे की इथले खास विकत मिळत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारे कोवळे बांबू म्हणजे वास्ते, तरोट्याची भाजी, सात्या नावाच्या रानअळिंब्या, मोहाची फुले, जवसाची चटणी, दक्षिणेत माडियांची लाल मुंग्यांची चटणी: हे सगळे घरचे, शेतावरचे, रानातले खाणे. ते हवे तर कोणाच्या तरी ओसरीवर बसावे लागते, आणि त्यासाठी ओळख लागते. हॉटेलात मिळते ते राइस प्लेट, पोहे, आणि संध्याकाळी चायनीज. म्हणजे परक्या माणसाला ओळखीशिवाय मिळणारे सार्वजनिक जेवण तेवढे गाडीवरचे. गडचिरोलीच्या महाविद्यालयात शिकणारा तालुक्याचा मुलगा मित्राला पार्टी देतो ती शेजवान राइसचीच. अशा पदार्थाला परका म्हणणे अवघड जाते.

आणि तांदूळ तर इथलाच. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल आणि सारा गडचिरोली हा धानाचा पट्टा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे राखून वर्षानुवर्षे निवड केली आणि एक बारीक, सुवासिक वाण तयार केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला 'एचएमटी' म्हणू लागले. दीडएक एकराचा धनी, विद्यापीठाची पायरी न चढलेला माणूस. ते २०१८ मध्ये वारले. एचएमटीचा दाणा बारीक, शिजल्यावर मोकळा, आणि तळलेल्या भाताला दाणा मोकळाच हवा. भात आधी शिजवून थंड होऊ द्यावा लागतो, कारण निवल्यावर त्यातला पिष्टमय भाग घट्ट होतो आणि कढईत दाणे सुटे राहतात. आपल्या आजीने रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी दिली, तेव्हा तिने हेच शास्त्र वापरले होते. तिने सोयासॉस घातला नव्हता, एवढाच फरक.

मग एक विसंगती उरते, आणि ती मला अस्वस्थ करते. चिनी स्वयंपाकात बांबूचे कोंब आणि अळिंबी या अगदी नेहमीच्या गोष्टी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बांबू अमाप. मेंढा-लेखा या गडचिरोलीजवळच्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या परवान्याने बांबू विकायला सुरुवात केली. तरीही गाडीवरच्या नूडल्समध्ये कधी वास्ते दिसत नाहीत, सात्या दिसत नाहीत. कोबीच कोबी. कारणे शोधली तर ती सरळ आहेत. वास्ते फक्त पावसाळ्यात मिळतात, सोलून, उकडून, पाणी टाकून वापरावे लागतात, आणि ओळखीच्या माणसानेच आणलेले बरे. कोबी बारमाही, चिरायला सोपा, दराला स्वस्त. ज्या जंगलातून चिनी जेवण खरोखर चिनी होऊ शकले असते, त्याच्या कुशीत उभी राहून गाडी ठोक बाजारातला कोबी परतते. ताडोबा बंद असतो त्याच महिन्यांत वास्ते येतात, म्हणून वाघ पाहायला आलेल्याला ती भाजी सहसा मिळत नाही. दोन्ही हवे असेल तर दोनदा यावे लागेल.

पहिला चिनी पाहुणा

एक आडवाट घेतो. भद्रावती म्हणजे जुने भांदक. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू भारतात आला, साधारण ६३९ च्या सुमारास तो दक्षिण कोसलात होता. त्या कोसलाची राजधानी कुठली, यावर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज संशोधकांत वाद झाला आणि भांदक, चांदा, वैरागड ही तिन्ही नावे पुढे आली. तिन्ही याच दोन जिल्ह्यांतली. पुढे छत्तीसगडमधल्या सिरपूरचे पारडे जड झाले, आणि तो निकाल मला मान्य आहे. पण विजासनच्या लेण्यात, आतल्या अंधारात बसलेल्या बुद्धापुढे उभे राहिले की जुन्या वादाची आठवण होतेच.

याच ह्युएन त्संगाने भारतीयांच्या खाण्याबद्दल जे लिहून ठेवले, त्यात कांदा-लसूण इथे फार कमी खातात आणि खाणाऱ्याला गावाबाहेर घालवतात अशी नोंद आहे. दूध, लोणी, साखर, भाजलेले धान्य यांना तो इथले नेहमीचे खाणे म्हणतो. तो खराच भांदकला आला असता आणि आज तिथल्या गाडीपुढे उभा राहिला असता, तर शेजवानच्या वासाने त्याने गावाच्या वेशीचा रस्ता धरला असता. चायनीज म्हणून आपण खातो ते कोणत्याही काळातल्या चिनी यात्रेकरूच्या ओळखीचे नाही.

पोटाचा नियम

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा, आणि त्याच्या मागे माझा स्वतःचा अनुभव आहे. एका हिवाळ्यात मोहर्लीच्या पहाटेच्या फेरीआधीच्या रात्री मी एका गावात, कोणत्या ते सांगत नाही, ट्रिपल शेजवान राइसची फुल प्लेट संपवली. साडेसहाला जिप्सी आत शिरली. जंगलात वाहनातून उतरता येत नाही आणि फेरी चार तासांच्या आसपास चालते. सातला वाघीण दिसली. तिने काय केले ते मला नीट सांगता येत नाही, कारण माझे लक्ष पूर्णपणे दुसरीकडे होते. माझ्या शेजारच्या माणसाच्या मोबाईलमध्ये ती अजून आहे.

तेव्हापासून जंगलाच्या आदल्या रात्री वरण-भात, हा नियम. म्हणून वरच्या आराखड्यात मंगळवारी रात्री जटपुऱ्याला गेलात तरी हाफ प्लेट, ड्राय, आणि तीही आठच्या आत. फुल प्लेटची रात्र गुरुवारची, गडचिरोलीत, कारण दुसऱ्या दिवशी जिप्सीत अडकून बसायचे नसते, गरज पडली तर वाटेत उतरता येते. शुक्रवारी आलापल्लीत जे मिळेल ते. सिरोंचात वळण बदलते. गाव तेलुगू बोलते, पलीकडे पूल ओलांडला की कालेश्वरम. तिथे सकाळी इडली-डोसा आणि दुपारी भातावर पातळ वरण, आंबट सार, लोणचे अशा तेलुगू धाटणीच्या जेवणाचा मान. एवढ्या लांब उतरून तिथे मंचुरियन मागवणे म्हणजे गोदावरीकाठी बसून बाटलीचे पाणी पिण्यासारखे; पितात लोक, तब्येतीला बरेही असते.

रविवारी सकाळी सिरोंचा सोडले की आष्टी, मग वैनगंगेचा पूल, गोंडपिपरी, आणि दुपार उलटता उलटता बल्लारपूर. तिथल्या बल्लारशाह स्थानकावर दिल्लीकडच्या आणि चेन्नईकडच्या गाड्या थांबतात. गाडी रात्रीची असेल तर बाहेर संध्याकाळी साडेसहाला शेगड्या पेटतात, पहिल्या प्लेटचे तेल ताजे असते, आणि अर्ध्या तासात पार्सल हातात घेऊन फलाटावर येता येते. फक्त तिकिटावर स्थानकाचे नाव पुन्हा एकदा वाचून घ्यावे.